विकण्यासाठी घर घ्यावे काय?

मे महिना लागला किंवा नाताळ जवळ आला म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतून एक ठरावीक गोष्ट घडू लागते. आखातात, जहाजावर अथवा पुण्या-मुंबईकडे नोकरीस असलेली मुले सुटीवर घरी येतात आणि त्यांच्या पाठोपाठ दलालही उंबरठ्याशी येऊन उभा राहतो. त्याच्या हाती इमारतीचे रंगीत चित्र असते आणि तोंडी एकच मंत्र असतो : आज फ्लॅट घ्या, सहा-सात वर्षांनी विका, पैसे दुप्पट! घरातील वडीलधारी मंडळी विचारात पडतात. बँकेतील ठेवीवर व्याज ते किती. शेतीचा भरवसा नाही. घर मात्र डोळ्यांना दिसते, हाताला लागते. मग बेळगावात घ्यावे की मडगावात, एवढाच प्रश्न उरतो आणि इसाराची रक्कम ठरूनही जाते.

या घाईपूर्वी एक साधा भेद वाचकांच्या ध्यानी आणून द्यावा असे आम्हांस वाटते. राहण्यासाठी घर घेणे ही एक गोष्ट आहे. विकण्यासाठी घर घेणे ही अगदी निराळी गोष्ट आहे. राहत्या घराचा हिशेब केवळ पैशांत होत नाही. त्यात आईबापांचे म्हातारपण असते, मुलांची शाळा असते, पावसाळ्यात डोक्यावर पक्के छप्पर असते. परंतु जे घर सात वर्षांनी परक्याच्या हाती द्यावयाचे आहे, ज्यात आपण एक रात्रही निजणार नाही, त्याचा हिशेब पैशांतच करावयास हवा आणि तो दुकानदाराच्या काटेकोरपणाने करावयास हवा. बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला आपण देवळात कितीदा तरी ऐकला आहे. तो येथे शब्दशः लागू पडतो.

हिशेब मांडून पाहू

समजा, खानापूर तालुक्यातील एका कुटुंबाने बेळगावात चाळीस लाख रुपयांचा एक जुना परंतु सुस्थितीतील फ्लॅट घ्यावयाचे ठरविले. थोरला मुलगा आखातातून आता कायमचा परतला असून गावाजवळच नोकरीला लागला आहे. त्याने साठविलेले साडेतेरा लाखांच्या आसपास हाती आहेत. तीस लाख बँकेचे कर्ज काढावयाचे आहे. सात वर्षांनी फ्लॅट विकून धाकट्या मुलीचे नर्सिंगचे शिक्षण व्हावे, उरलेल्यातून गावच्या घराची दुरुस्ती व्हावी, असा बेत आहे. बेत चांगला आहे. आता आकडे पाहू.

पहिला खर्च खरेदीखताच्या दिवशीच होतो. कर्नाटकात अशा व्यवहारावर पाच टक्के मुद्रांकशुल्क, त्यावर उपकर व अधिभार, आणि २०२५ च्या ऑगस्ट अखेरीपासून दोन टक्के नोंदणीशुल्क लागते. हे सारे मिळून सुमारे साडेसात टक्के होतात. त्यात वकिलाची फी व दलाली मिळवा. चाळीस लाखांवर तीन लाख साठ हजार तरी सहज जातात. म्हणजे दहा लाख किमतीपोटी व तीन लाख साठ हजार खर्चापोटी असे तेरा लाख साठ हजार पहिल्याच दिवशी घरातून बाहेर पडले.

दुसरा खर्च कर्जाचा. तीस लाख रुपये, वीस वर्षे मुदत, साडेआठ टक्के व्याज धरल्यास मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. यातील पहिल्या हप्त्यात २१,२५० रुपये निव्वळ व्याज असते आणि मुद्दल फिटते केवळ ४,७८५ रुपये! सात वर्षांत चौऱ्याऐंशी हप्ते भरले जातात; बँकेकडे सुमारे २१ लाख ८७ हजार रुपये जमा होतात; आणि तरीही २४ लाख ५३ हजार रुपये मुद्दल बाकीच राहते. वीस वर्षांच्या कर्जाची ही रीतच आहे. त्याची आरंभीची वर्षे व्याजात जातात आणि मुद्दलाला खरा ओघ पुढे लागतो. मध्येच घर विकणारा मनुष्य नेमकी व्याजाची वर्षे स्वतः भोगतो.

आता मिळकत पाहू. आपल्याकडील शहरांत घराचे वार्षिक भाडे किमतीच्या साधारण दोन ते चार टक्के इतकेच येते. आपण तीन टक्के धरू, म्हणजे महिना दहा हजार. वर्षात एखादा महिना घर रिकामे राहणार, रंगसफेदी व नळदुरुस्ती निघणार, घरपट्टी भरावी लागणार, इमारतीची वर्गणी द्यावी लागणार. हे वजा जाता महिन्याकाठी सात हजार रुपये हाती राहिले तर उत्तम समजावे. पुढे भाडे वाढेल तसा खर्चही वाढेल, म्हणून हाच आकडा आपण कायम ठेवू. तेव्हा हप्ता भागविण्यासाठी दरमहा सुमारे एकोणीस हजार रुपये कुटुंबाच्या खिशातून जावे लागतील. सात वर्षांत ते सोळा लाख होतात. आरंभीचे तेरा लाख साठ हजार त्यात मिळविले म्हणजे एकंदर घातलेली रक्कम झाली २९ लाख ६० हजार.

शेवटी विक्री. किंमत दरसाल चार टक्क्यांनी वाढली तर सात वर्षांनी फ्लॅट ५२ लाख ६४ हजारांना जाईल. ऐकावयास आकडा भरघोस वाटतो. परंतु त्यातून दलाली व विक्रीचा खर्च जाणार, बँकेची बाकी जाणार, नफ्यावर कर जाणार. चोवीस महिन्यांहून अधिक काळ बाळगलेल्या घराच्या नफ्यावर जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के कर लागतो, त्यावर उपकर असतो, आणि महागाईच्या प्रमाणात खरेदीकिंमत वाढवून धरण्याची पूर्वीची सवलत त्यानंतर घेतलेल्या घराला मिळत नाही. हे सारे वजा जाता हाती उरतात सुमारे २६ लाख २५ हजार. घातले होते २९ लाख ६० हजार. बारा लाखांनी महाग विकलेले घर तीन लाखांहून अधिक तोटा देऊन गेले!

किंमत सात टक्क्यांनी वाढली तर? मग सुमारे ३६ लाख हाती येतात आणि साडेसहा लाखांचा नफा दिसतो. पण हीच रक्कम, म्हणजे आरंभीचे पैसे व दरमहाचे एकोणीस हजार, बँकेच्या साध्या ठेवीत सहा टक्क्यांनी ठेवली असती तर सात वर्षांनी सुमारे चाळीस लाख झाले असते. व्याजावरील कर वजा केला तरी अडतीस लाखांच्या आसपास. सारांश, या फ्लॅटने ठेवीची बरोबरी करावी एवढ्यासाठीसुद्धा त्याची किंमत दरवर्षी, न चुकता, साडेसात ते आठ टक्क्यांनी वाढावयास हवी. दलालाचे 'दुप्पट' खरे व्हावयाचे तर वाढ दहा टक्क्यांहून अधिक हवी.

अशी वाढ होतच नाही असे आमचे म्हणणे नाही. गोव्यात २०२० नंतर बाहेरच्या गिऱ्हाइकांमुळे घरांचे दर बरेच चढले आणि वेळेवर घेतलेल्यांचे भले झाले. परंतु रिझर्व्ह बँक नोंदणी झालेल्या व्यवहारांवरून जो निर्देशांक काढते, त्यात त्या वेळी दहा मोठी शहरे होती; आणि २०२० ते २०२२ या तीन वर्षांत त्याची वार्षिक वाढ पाच टक्क्यांच्या आतच राहिली. त्याच वर्षांत महागाई पाच टक्क्यांच्या वर होती. म्हणजे त्या शहरांतील घरांची खरी किंमत सरासरीने घटली. चढलेल्या दराची गोष्ट गावभर होते; जागच्या जागी राहिलेल्या दराची गोष्ट कोणी सांगत नाही.

'येणार आहे' या शब्दाची किंमत

दलालाच्या भाषेत एक शब्द फार महाग असतो. तो म्हणजे 'येणार आहे'. रस्ता येणार आहे, कारखाना येणार आहे, विमानतळ येणार आहे. येणाऱ्या गोष्टीची किंमत आजच्या दरात आधीच मिळविलेली असते, हे घेणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आणि ती येते केव्हा?

मोपाच्या विमानतळाचे उदाहरण आपल्या अगदी शेजारचे आहे. केंद्र सरकारने त्यास तत्त्वतः मान्यता दिली २००० साली. पायाभरणी झाली २०१६ मध्ये. पुढे पर्यावरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि काम थांबले. ते २०२० च्या आरंभी पुन्हा मोकळे झाले. उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले आणि जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. बावीस वर्षे! ज्याने पायाभरणीच्या आधीच्या काळात, 'सात वर्षांत विकू' म्हणून कर्जाने जागा घेतली असेल, त्याची मुदत विमान दिसण्यापूर्वीच संपून गेली. ज्याच्यापाशी कर्ज नव्हते आणि थांबण्याची ताकद होती त्यालाच अशा वाढीचा लाभ होतो. मध्यम मुदतीच्या गुंतवणुकीत 'येणार आहे' यावर भिस्त ठेवणे म्हणजे पुढच्या वर्षीच्या पावसावर यंदाचे बी उधार घेणे होय.

कागद आधी, किल्ली नंतर

विकण्यासाठी घेतलेल्या घराचे कागद राहत्या घराच्या कागदांहूनही स्वच्छ असावे लागतात. राहणारा मनुष्य एखादा अपुरा दाखला उशाशी घेऊन जन्मभर निजू शकतो. विकणाऱ्यास मात्र सातव्या वर्षी गिऱ्हाइकाच्या वकिलासमोर उभे राहावयाचे असते, आणि त्या गिऱ्हाइकास कर्ज देणारी बँक एकेक कागद उलटून पाहत असते.

बेळगावच्या बाजूस जमीन बिनशेती झाली आहे काय, उताऱ्यावर विकणाऱ्याचेच नाव आहे काय, मागील तीस वर्षांच्या ऋणभार दाखल्यात बोजा दिसतो काय, हे पाहावे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत ई-स्वत्तूचे नमुना ९ व ११ मागावेत. त्याऐवजी '११-ब' पुढे केला तर जागा नियमित नाही असे समजावे. गुंठ्या-गुंठ्यांनी तोडून विकलेला स्वस्त प्लॉट पुढे घेणारा मिळेनासा होतो, तो याच कारणाने.

गोव्यातील जुने घर घ्यावयाचे असेल तर तेथील कायद्याप्रमाणे विवाहानंतर मालमत्ता सामान्यतः पतिपत्नीची समाईक असते. यास्तव विकणाऱ्याच्या पत्नीची सही नसलेले खरेदीखत लंगडे समजावे. वाडवडिलांचे घर असल्यास सर्व वारसांची वाटणी रीतसर झाली आहे काय, आवारात मुंडकाराचा हक्क आहे काय, जागा कोमुनिदादची तर नाही ना, हे एक-चौदाच्या उताऱ्यासह तपासावे. लिस्बनला किंवा लंडनला असलेल्या एका वारसाच्या सहीसाठी विक्री वर्षानुवर्षे रखडू शकते.

नव्या इमारतीविषयी २०१६ चा स्थावर संपदा कायदा, ज्यास सारेजण 'रेरा' म्हणतात, बराच आधार देतो. पाचशे चौरस मीटरांहून मोठ्या जागेवरील अथवा आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीकृत साठेखत होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बिल्डरास मनाई आहे. घेतलेल्या पैशांतील सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. मात्र बांधकाम चालू असलेल्या सदनिकेवर सामान्यतः पाच टक्के जीएसटी लागतो, तर पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलेल्या सदनिकेवर तो लागत नाही. सात वर्षांच्या बेतात ताबा मिळावयासच तीन वर्षे गेली, तर भाडे उरते चार वर्षांचे, हेही विसरू नये.

कागद न पाहण्याचे फळ काय असते हे नालासोपाऱ्यात दिसले. सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशानुसार २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या आरंभापर्यंत पाडण्यात आल्या. त्यांत राहणाऱ्या कुटुंबांनी पैसे मोजलेले होते, वीजबिले भरलेली होती. इमारत उभी आहे म्हणून ती कायदेशीर आहे, असे होत नाही.

घरातल्या घरात

आता थोडे घरातल्या गोष्टींविषयी. फ्लॅट मुलाच्या नावे, हप्ता बापाच्या पेन्शनातून, आरंभीचे पैसे धाकट्याचे, असे आमच्या कुटुंबांत प्रेमापोटी सर्रास होते. प्रेम असेतोवर कोणी विचारीत नाही. विक्रीच्या वेळी सारेच विचारतात. गोव्याबाहेरील ख्रिस्ती कुटुंबांस सामान्यतः १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मालक मृत्युपत्र न करता वारला तर विधवेस एक-तृतीयांश व मुलांस मिळून दोन-तृतीयांश वाटा जातो, आणि त्यात मुलगा व मुलगी समान असतात. मग विक्रीस सर्वांच्या सह्या लागतात. तेव्हा कोणी किती घातले हे एका कागदावर लिहून सर्वांनी सही करणे आणि ज्याच्या नावे घर आहे त्याने मृत्युपत्र करणे, यात अविश्वास नाही. भावाभावांतील बोलचाल टिकविण्याचा तो उपाय आहे.

मुलगा परदेशी रहिवासी असेल तर आणखी दोन गोष्टी. त्यास घर घेता येते, परंतु शेतजमीन खरेदी करता येत नाही. आणि तो विकावयास निघाला म्हणजे गिऱ्हाइकास विक्रीच्या रकमेतूनच कर कापून भरावा लागतो. आधी अर्ज करून कमी कपातीचा दाखला न मिळविल्यास मोठी रक्कम परताव्याची वाट पाहत अडकून पडते. आईबापांस व्यवहार करावयाचा असेल तर रीतसर मुखत्यारपत्र हवे. दूरध्वनीवरील 'बाबा, तुम्ही बघा' हे पुरत नाही.

सर्वांत मोठी अडचण मात्र निराळीच आहे. घर तुकड्याने विकता येत नाही. ऐन पावसाळ्यात आजारपण आले तर ठेव मोडता येते, सोन्याची बांगडी गहाण ठेवता येते. फ्लॅटमधील एक खोली काही विकता येत नाही. नर्सिंगच्या फीची तारीख कॉलेज ठरविते. गिऱ्हाइकाची तारीख कोणीच ठरवीत नाही. तारखेची घाई असलेला विक्रेता गिऱ्हाइकास दुरून ओळखू येतो आणि मग भाव तोच पाडतो. म्हणून ज्या पैशाला अमुक एका वर्षी अमुक एक काम नेमून दिलेले आहे, तो पैसा घरात घालू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. मुलीचे शिक्षण गिऱ्हाइकाच्या मर्जीवर टांगून ठेवू नये.

मग घर घ्यावे केव्हा?

एक आक्षेप येथे येईल आणि तो खोटा नाही. पुष्कळजण म्हणतात, हप्ता होता म्हणून तरी पैसा राहिला, नाहीतर मोटारसायकलीत आणि लग्नाच्या मांडवात गेला असता. हप्त्याची शिस्त मोठी असते, हे आम्ही मान्य करतो. पण तीच शिस्त बँकेतील मासिक ठेवीस किंवा टपाल कार्यालयाच्या आवर्ती ठेवीस लावता येते. एकोणीस हजारांची शिस्त ज्याच्या अंगी आहे, त्याने ती साडेआठ टक्के व्याज देऊनच शिकावी असे नाही.

घर घेणे योग्य ठरते अशा वेळाही आहेत. मुले शिकण्यासाठी त्याच शहरी राहणार असून वसतिगृहाचे किंवा भाड्याचे पैसे वाचणार असतील. कर्ज किमतीच्या निम्म्याहूनही कमी असून हप्ता भाड्यातून बहुतेक भागत असेल. सात वर्षांऐवजी बारा वर्षे थांबण्याची तयारी असेल. आणि गिऱ्हाईक न मिळाल्यास आपणच तेथे जाऊन राहू असे मन सांगत असेल, तर ते घर खुशाल घ्यावे. त्या घरास विकण्याचे घर न म्हणता, प्रसंगी विकता येईल असे राहते घर म्हणावे. परंतु त्यासाठी वाडवडिलांचे भाताचे शेत विकावयाचा विचार असेल, तर दहादा थांबावे. फ्लॅटचे खर्च वजा जाता भाडे, घातलेल्या पैशांवर दोन टक्क्यांनाही पुरत नाही हे आपण वर पाहिलेच आहे. आणि गेलेले शेत त्याच भावाने परत मिळत नाही.

तेव्हा, वाचकहो, दलाल पुढच्या खेपेस आला म्हणजे त्यास चहा द्या, चित्रही पाहून घ्या. पण इसार देण्यापूर्वी घरातील सर्वांनी, ज्यांना हप्ते भरावयाचे आहेत त्यांनी आणि ज्यांच्यासाठी ते भरावयाचे आहेत त्यांनीही, एका संध्याकाळी वही-पेन्सिल घेऊन बसावे. पहिल्या दिवशी एकंदर किती जाणार? दरमहा खिशातून किती जाणार, आणि नोकरी सुटली तर किती महिने जाऊ शकेल? सातव्या वर्षी बँकेची बाकी किती असेल? किंमत केवळ चार टक्क्यांनी वाढली तर हाती काय उरेल? आणि दोन वर्षे गिऱ्हाईक मिळालेच नाही तर कोणाचे कोणते काम अडेल? या पाच प्रश्नांची उत्तरे आकड्यांत लिहावीत. शेवटच्या उत्तरात मुलीचे शिक्षण किंवा आईचे औषधपाणी आले, तर वही मिटावी, दलालास नम्रपणे निरोप द्यावा आणि दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन ठेवीचा फॉर्म भरावा.